कागद खोटा असेल, पण डिग्री तर खरी ना?

पत्राचा गोषवारा (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत): पत्रलेखिका ३४ वर्षांच्या, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. पतीने मध्य आशियातल्या एका देशात सहा वर्षे राहून एमबीबीएस केले. भारतात परतल्यावर परदेशी पदवीधरांसाठीची चाळणी परीक्षा, म्हणजे एफएमजीई, चार वेळा दिली आणि चारही वेळा नापास झाले. २०१९ मध्ये एका एजंटाने आठ लाख रुपये घेऊन पास झाल्याचे प्रमाणपत्र आणि त्यावर दुसऱ्या एका राज्याच्या मेडिकल कौन्सिलची नोंदणी 'करून दिली'. पुढे महाराष्ट्रातही नोंदणी झाली. तेव्हापासून ते तालुक्याच्या ठिकाणी एका खाजगी हॉस्पिटलात आरएमओ (निवासी वैद्यकीय अधिकारी) आहेत. आता स्वतःचा दवाखाना काढण्यासाठी २५ लाखांच्या कर्जाचा अर्ज तयार आहे आणि त्यात पत्नीला सहकर्जदार व्हायचे आहे. त्यासाठी कागद शोधताना एकाच सत्राचे दोन कागद त्यांच्या हाती लागले: एक १३८ गुणांचा नापासाचा निकाल आणि दुसरे पास प्रमाणपत्र. पतीचे म्हणणे, "डिग्री खरी आहे, पेशंट बरे होतात, पुढच्या सत्रात परीक्षा पास होतो म्हणजे सगळं नियमित होईल." एजंट मात्र डॉक्टरांच्या राष्ट्रीय नोंदवहीत नाव चढवण्यासाठी आणखी दोन लाख मागतोय. एका डॉक्टरची डिग्री मुंबई उच्च न्यायालयाने वाचवल्याची बातमीही पतीने दाखवली. पत्रलेखिकेचे प्रश्न: शिक्षा नेमकी किती होते? आता पास झाले तर जुने मिटेल का? मला सगळे माहीत आहे, तर मीही गुन्हेगार ठरते का?

ताई,

तुम्ही दोघेही सगळा हिशेब २०१९ च्या त्या व्यवहारावर मांडताय. आठ लाख दिले, कागद आला, गुन्हा तेव्हाच झाला, आता तो उघडकीला येतो की नाही एवढेच बघायचे, असा सूर आहे. खरी अडचण निराळी आहे. काल रात्रीच्या ड्युटीवर तुमच्या पतीने जितक्या केसपेपरवर सही केली, तितक्या वेळा तो कागद पुन्हा वापरला गेला. म्हणून 'सांगावं की गप्प राहावं' याच्याही आधी 'त्या सह्या थांबणार कधी' हे ठरवायला हवे.

आधी 'डिग्री खरी आहे' हे बघू. त्या देशात ती खरीच आहे. पण २००२ पासून भारताचा नियम असा आहे की परदेशी वैद्यकीय पदवी चाळणी परीक्षा पास होईपर्यंत इथे नोंदणीसाठी धरली जात नाही. परीक्षा ३०० गुणांची, पास व्हायला १५० लागतात, चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत आणि कितीही वेळा बसता येते. पती १२ गुणांनी राहिले. जिद्दीने अभ्यास केला असता तर भरून निघाला असता असा हा फरक, हे वाचून मलाही चुटपुट लागली. पण कायद्याच्या लेखी १३८ गुणांचा माणूस आणि परीक्षेला न बसलेला माणूस यांच्यात फरक नाही. दोघेही डॉक्टर म्हणून नोंद होण्यास पात्र नाहीत.

आता शिक्षा. इथे आधी एक गोष्ट तपासा. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या संकेतस्थळावर पतीचा नोंदणी क्रमांक टाका. तिथे त्यांचे नाव दिसते, की दुसऱ्याच कोणाचे, की काहीच नाही? यावर बरेच अवलंबून आहे. क्रमांक दुसऱ्याचा असेल किंवा नोंदच नसेल, तर तो सरळ बोगस डॉक्टरचा मामला. महाराष्ट्र वैद्यक व्यवसायी अधिनियम, १९६१ चे कलम ३३ लागते. पहिल्या गुन्ह्याला किमान दोन आणि कमाल पाच वर्षे सक्तमजुरी, वर दोन ते दहा हजार रुपये दंड. दखलपात्र, अजामीनपात्र. दंडाची रक्कम बघून कोणी हसेल, पण 'किमान दोन वर्षे' हे शब्द हसण्यासारखे नाहीत. शिवाय राष्ट्रीय वैद्यकीय आयोग अधिनियम, २०१९ चे कलम ३४ आहे: एक वर्षापर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. १९५६ च्या जुन्या कायद्यात याच गुन्ह्याला दंड होता एक हजार रुपये. 'फार तर हजार रुपये भरायचे' अशी जी समजूत अजून ऐकू येते, ती तिथून आली आहे.

नोंदवहीत पतीचेच नाव असेल, तर बचावाचा वकील म्हणेल की नाव नोंदवहीत आहे, मग विनानोंदणी प्रॅक्टिस कशी? मुद्दा अगदीच टाकाऊ नाही. पण त्याने सुटका होत नाही. फसवणुकीने मिळवलेला हक्क हा हक्कच नव्हे, हे न्यायालयांचे जुने तत्त्व आहे, आणि कौन्सिलने नोंद रद्द केली की त्या वादातला जीव जातो. मुख्य म्हणजे अशा प्रकरणात पोलिसांचा खरा भर डॉक्टरकीच्या कायद्यावर नसतोच. तो असतो फसवणूक आणि बनावट दस्तऐवज यांवर. सगळ्यांना माहीत असलेले ४२० (आता भारतीय न्याय संहितेचे ३१८(४)), सात वर्षांपर्यंत. फसवणुकीसाठी बनावट कागद करणे, जुने ४६८, आता ३३६(३), तेही सात वर्षांपर्यंत. बनावट कागद खरा म्हणून वापरणे, जुने ४७१, आता ३४०(२): इथे वापरणाऱ्याला बनवणाऱ्याइतकीच शिक्षा. 'कागद एजंटाने केला, मी नाही' हा बचाव या कलमापुढे टिकत नाही. २०१९ च्या कृत्याला जुनी दंड संहिता आणि १ जुलै २०२४ नंतरच्या वापराला नवी, असे दोन्ही आकडे एकाच एफआयआरमध्ये दिसले तर गोंधळू नका.

एफआयआरमध्ये जुने ४६७ (नवे ३३८) आहे का, हे मात्र वकिलाला पहिल्यांदा बघायला सांगा. ते 'मूल्यवान रोख्या'च्या, म्हणजे कायदेशीर हक्क निर्माण करणाऱ्या किंवा संपवणाऱ्या दस्तऐवजाच्या, बनावटीचे कलम आहे आणि त्यात जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे. सात वर्षांपर्यंतच्या गुन्ह्यांत पोलिसांनी सरसकट अटक न करता आधी हजर राहण्याची नोटीस द्यावी, असा दंडक आहे. हे एक कलम जोडले की तो आधार निसटतो, म्हणून ते बरेचदा जोडले जाते. यावर उत्तर आहे: महाराष्ट्रातल्याच एका जुन्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने कॉलेज प्रवेशासाठी वापरलेली खोटी प्रमाणपत्रे मूल्यवान रोखा ठरत नाहीत असे धरून शिक्षेचे कलम खाली आणले होते. जामिनाच्या अर्जात हा मुद्दा वजन धरतो.

आणि जे कोणी मोठ्याने बोलत नाही तेही लिहिते. पती रात्री आयसीयू सांभाळतात. उपचारात हयगय होऊन रुग्ण दगावला, तर न्याय संहितेचे कलम १०६(१) साधारण माणसाला पाच वर्षांपर्यंत आणि नोंदणीकृत डॉक्टरला दोन वर्षांपर्यंत शिक्षा सांगते. पण त्या कलमाखालच्या स्पष्टीकरणात 'नोंदणीकृत डॉक्टर' कोण हे लिहिले आहे: मान्यताप्राप्त पात्रता आणि नोंदवहीत नाव, दोन्ही हवे. पती त्या सवलतीत बसत नाहीत. उलट पात्रता नसताना उपचार केले म्हणून सदोष मनुष्यवधाचे कलम लावण्याचा आग्रह धरला जाईल. 'पेशंट बरे होतात' हे खरे असेलही. पण ज्या एका रात्री बरे होणार नाहीत, त्या रात्रीच्या नोंदींवर कोणाची सही आहे एवढेच पाहिले जाईल. व्यावसायिक जोखमीचा विमा काढला असेल तर त्यावर विसंबू नका. खोट्या माहितीवर घेतलेली पॉलिसी कंपनी नाकारते.

आता 'पुढच्या सत्रात पास होतो म्हणजे मिटलं'. हा तुमच्या पत्रातला सर्वांत मोठा भरवसा आहे आणि तोच सर्वांत कच्चा. ज्याच्याकडे २०१९ चे पास प्रमाणपत्र आहे तो माणूस पुन्हा त्याच परीक्षेचा अर्ज भरतोय, याचा अर्थ काय होतो? तो अर्जच कबुली ठरतो, आणि तो जातो त्याच मंडळाकडे ज्याच्या दप्तरात चारही नापास निकाल आहेत. पास झाले तरी प्रमाणपत्रावर नवी तारीख येणार आणि नोंदणी मात्र २०१९ ची. परीक्षेनंतर बहुतेकांना आधी तात्पुरती नोंदणी, मग १२ महिन्यांची इंटर्नशिप आणि मग कायम नोंदणी असा टप्पा असतो. मधली सगळी वर्षे उघडीच राहतात. बनावट प्रमाणपत्राचा गुन्हा ते दाखवले त्या क्षणी पूर्ण होतो, नंतरचे यश तो पुसत नाही. तरीही परीक्षा द्यावी का? द्यावी, पण प्रॅक्टिस थांबवल्यावर आणि वकिलाशी बोलून. पुढे कधी शिक्षेचे प्रमाण ठरवायची वेळ आली, तर खरोखर पास झालेला माणूस आणि न झालेला माणूस यांच्याकडे न्यायाधीश एका नजरेने बघत नाहीत.

पतीने दाखवलेली बातमी मे २०२४ ची असणार. त्या प्रकरणातल्या डॉक्टरने प्रवेश घेताना नॉन-क्रीमिलेयरसाठी चुकीची माहिती दिली होती. मुंबई उच्च न्यायालयाने तिचा ओबीसी कोट्यातला प्रवेश रद्द ठरवला, खुल्या वर्गाची फी आणि वर ५० हजार रुपये भरायला लावले आणि डिग्री ठेवली. पण तिने एमबीबीएसच्या सगळ्या परीक्षा स्वतः पास केल्या होत्या. तुमच्याकडे परीक्षेचाच निकाल खोटा आहे. तुमच्या जवळचे उदाहरण व्यापमचे. मध्य प्रदेशातल्या त्या प्रवेश परीक्षा घोटाळ्यात २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींत मतभेद झाला. विद्यार्थ्यांचे शिक्षण वाया घालवू नये, त्याऐवजी त्यांच्याकडून पाच वर्षे देशसेवा करून घ्यावी, असे एकाचे मत होते. प्रकरण तीन न्यायमूर्तींपुढे गेले आणि फेब्रुवारी २०१७ मध्ये ६३४ जणांचे प्रवेश रद्द झाले. 'इतकी वर्षे गेली, समाजाला डॉक्टर हवेत' हा युक्तिवाद तिथे पुरेपूर करून झाला होता.

उघडकीला येईल का, असे तुम्ही थेट विचारलेले नाही, पण ओळीओळीत ते आहे. डिसेंबर २०२२ मध्ये सीबीआयने चाळणी परीक्षा पास न होता नोंदणी मिळवलेल्या ७३ परदेशी पदवीधरांवर आणि १४ राज्य कौन्सिलांशी संबंधित लोकांवर गुन्हा नोंदवून देशभरात ९१ ठिकाणी झडत्या घेतल्या. यासाठी कोणी चुगली करायची गरज नव्हती. परीक्षा मंडळाची पास यादी आणि कौन्सिलांची नोंदवही शेजारी ठेवली की नावे आपोआप वेगळी पडतात. ऑगस्ट २०२४ मध्ये आधारशी जोडलेली राष्ट्रीय वैद्यकीय नोंदवही सुरू झाली, तिच्यातला अर्ज पडताळणीसाठी राज्य कौन्सिलकडे जातो. एजंट दोन लाख का मागतोय ते यावरून कळेल. ते पैसे देऊ नका. सरकारी यंत्रणेतल्या कोणाला 'मॅनेज' करण्यासाठी पैसे देणे हा २०१८ च्या दुरुस्तीपासून देणाऱ्याचाही गुन्हा आहे, सात वर्षांपर्यंत शिक्षेचा. मुदतीचे म्हणाल तर तीन वर्षांहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यांना दखल घेण्याची कालमर्यादाच नाही. आणखी दहा वर्षांनीही फाइल उघडू शकते.

आता तुमचे. आजपर्यंत तुम्ही काही केले नसेल, तर नुसते माहीत असणे हा गुन्हा नाही. काही गंभीर गुन्ह्यांची माहिती पोलिसांना देणे प्रत्येक नागरिकावर बंधनकारक आहे, पण त्या यादीत फसवणूक आणि बनावट प्रमाणपत्र येत नाही. पतीने संसारात तुम्हाला विश्वासाने जे तोंडी सांगितले ते उघड करण्याची सक्ती भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ चे कलम १२८ होऊ देत नाही. मात्र हे संरक्षण बोलण्यापुरते आहे. कपाटातले दोन कागद त्यात बसत नाहीत. ते जाळू नका, लपवू नका, माहेरी नेऊन ठेवू नका. पुरावा नष्ट करणे हा वेगळा गुन्हा आहे आणि तो पूर्णपणे तुमचा असेल.

कर्जावर सही करू नका. आत्तापर्यंत तुम्ही या प्रकरणाच्या बाहेर आहात. खोटी नोंदणी जोडलेल्या अर्जावर, ती खोटी आहे हे माहीत असताना सहकर्जदार म्हणून सही केलीत की बँकेच्या फसवणुकीत तुमचे नाव पतीच्या शेजारी येईल. अर्ज बँकेत गेला असेल तर 'मी सहकर्जदार म्हणून दिलेली संमती मागे घेत आहे' एवढ्या दोन ओळी लिहून द्या, दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. कारण लिहायची गरज नाही, आणि खोटे कारण तर मुळीच लिहू नका. तुमच्या नोकरीचाही विचार करा. ४८ तासांहून जास्त काळ कोठडीत राहिलेला कर्मचारी सेवानियमांप्रमाणे निलंबित मानला जातो, खटल्याचा निकाल लागेपर्यंत थांबत नाहीत.

पतीपुढचे मार्ग मला तीन दिसतात आणि त्यांतला एकही गुळगुळीत नाही. पहिला, आहे तसे चालू ठेवणे. त्यावर वर लिहिले तेवढे पुरे. दुसरा, गुपचूप नोकरी सोडून दुसरे काम धरणे. यात नवे गुन्हे थांबतात, जुने राहतात. तिसरा, काम थांबवून, वकिलामार्फत कौन्सिलपुढे स्वतःहून जाणे. नोंदणी जाणार हे यात नक्की आहे, आणि गुन्हा दाखल होण्याची शक्यता धरूनच चालायचे. पण अटकपूर्व जामिनाचा अर्ज आधी तयार ठेवता येतो, स्वतःहून पुढे आल्याचे वजन पडते, आणि एजंटाची पूर्ण साखळी उलगडायला मदत करणाऱ्या आरोपीला माफीचा साक्षीदार होण्याची वाट न्यायालय देऊ शकते. सात वर्षांच्या गुन्ह्यांत ती तरतूद लागू होते. माझे मत तिसऱ्या मार्गाकडे झुकते. मात्र क्रम चुकवू नका: आधी फौजदारी वकील, मग कबुली. स्वतःविरुद्ध साक्ष न देण्याचा हक्क घटनेने दिला आहे. भावनेच्या भरात हॉस्पिटलच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर लिहून तो वाया घालवू नये.

तुमचा वकील आणि पतीचा वकील वेगळा ठेवा. उद्या दोघांचे हित एकच राहील याची खात्री नसते. महिलेला उत्पन्नाची अट न लावता जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. न्यायालयाच्या आवारात कार्यालय असते, फोन १५१००.

नोकरीचा राजीनामा आजच्या तारखेचा द्यावा. नोटीस पीरियड पाळायचाच असेल तर रुग्णाला हात लावायचा नाही, औषध लिहायचे नाही, मृत्यूच्या कारणाच्या नमुना ४ वर आणि मेडिको-लीगल कागदांवर सही करायची नाही, म्हणजे व्यवहारात रजेवरच राहायचे. आजवर त्यांनी दिलेले जखमांचे दाखले कुठल्या ना कुठल्या कोर्टात असतील, आणि त्यांवरची साक्ष उद्या ढासळू शकते. हे नुकसान तिसऱ्याच माणसांचे आहे. म्हणून हॉस्पिटलला कळायला हवे असे मला वाटते, कधी आणि कोणत्या शब्दांत ते वकिलाने ठरवावे. घर चालवायला मेडिकल कोडिंग, क्लिनिकल रिसर्चमधले समन्वयाचे काम, हॉस्पिटल प्रशासन अशी कामे आहेत जिथे डॉक्टरची नोंदणी लागत नाही. अट इतकीच की बायोडेटात ती नोंदणी लिहायची नाही. आणि या दिवसांत त्यांना एकटे सोडू नका. लाजेने माणूस टोकाला जातो. टेली-मानसचा १४४१६ हा नंबर दोघांच्याही फोनमध्ये असू द्या.

हे वाचणाऱ्या हॉस्पिटलवाल्यांसाठी आणि स्थळ बघणाऱ्या घरांसाठीही थोडे. भिंतीवरचे फ्रेम केलेले सर्टिफिकेट पाहून थांबू नका. क्रमांक कौन्सिलच्या संकेतस्थळावर टाका आणि नुसते नाव नाही, तर पात्रता, विद्यापीठ आणि नोंदणीचे वर्षही जुळवा. महाराष्ट्रात नोंदणीचे दर पाच वर्षांनी नूतनीकरण असते, ते चालू आहे का बघा. परदेशी पदवी असेल तर चाळणी परीक्षेचा रोल नंबर आणि सत्र मागून परीक्षा मंडळाकडे लेखी पडताळणी करून घ्या. पहिली नोंदणी दुसऱ्या राज्यातली असेल तर तिथल्या कौन्सिलकडून थेट तुमच्या पत्त्यावर पत्र मागवा, उमेदवाराने हातात आणून दिलेले चालवून घेऊ नका. उत्तर येईपर्यंत त्या माणसाला स्वतंत्र ड्युटी देऊ नका.